आईने पाहिलेला मोठा पडदा

वाशीम

ती. सौ. ताईस,


ऑपरेशननंतर आईचा डोळा उत्तम आहे, हे फोनवर सांगितलंच. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. हैदराबादला मी आईला सिनेमा दाखवला, तोही प्रसाद्‌जच्या भल्यामोठ्या पडद्यावर. तू रागावशील म्हणून आधीच लिहितो, डॉक्टरांना विचारून नेलं होतं.

हे थिएटर हुसेनसागराच्या काठी, एनटीआर गार्डनला लागून आहे. आम्ही आधी बागेत बसलो, घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या आणि मग आत गेलो. 2003 साली ते सुरू झालं तेव्हा आयमॅक्स होतं. पडदा 72 फूट उंच, 95 फूट रुंद. नेहमीची फिल्म 35 मिलिमीटरची, यंत्रातून वरून खाली सरकणारी. आयमॅक्सवाल्यांनी 70 मिलिमीटरची फिल्म आडवी चालवली. त्यामुळे एकेका चित्राला जवळजवळ दहापट जागा मिळाली आणि एवढं मोठं करूनही ते पुसट होईना. 1970 साली जपानात ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी हे पहिल्यांदा पाहिलं. पुढच्याच वर्षी कॅनडात टोरांटोला, तेही तळ्याकाठच्या बागेतच, पहिलं कायमचं थिएटर झालं. हैदराबादला आता ती यंत्रं नाहीत, सगळं डिजिटल आहे. पण नवा पडदा शंभर फुटांहून रुंद आहे.

सिनेमा तेलुगू होता. आईला भाषा कळेना, पण तिने एकदाही विचारलं नाही. लढाईत घोडे दौडत आले, धुळीचा लोट उठला, तशी तिने पटकन पदर नव्या डोळ्यावर धरला. धूळ बसल्यावर हळूच खाली घेतला. मग हत्ती आला. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "पापणीचे केस दिसून राह्यले रे." ताई, गेली काही वर्षं तिला तांदळातले खडे दिसत नव्हते. त्यानंतर माझं सिनेमात लक्ष लागलं नाही, मी तिच्याकडेच पाहत होतो.

बाहेर आल्यावर तिला सांगितलं की, तुझा डोळा जिथे बरा झाला त्या दवाखान्याला ज्यांचं नाव आहे, त्याच एल. व्ही. प्रसादांच्या घरच्यांचं हे थिएटर. दवाखाना 1987 सालचा, डॉ. गुल्लापल्ली राव यांनी उभारला, जमीन आणि पैसा प्रसादांच्या कुटुंबाने दिला. प्रसाद तरुणपणी मुंबईत एका सिनेमा कंपनीत पोऱ्या म्हणून लागले होते. पुढे 1931 साली 'आलम आरा'त, म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या बोलपटात, त्यांनी काम केलं; पहिल्या तमिळ आणि पहिल्या तेलुगू बोलपटांतही ते होते. 'मिलन' हा सिनेमा त्यांनीच काढला म्हटल्यावर आई थांबलीच. "तो तं आपण जत्रेत तंबूत पाह्यला होता!" तुला आठवतो का तो तंबू? वाऱ्याने पडदा फुगायचा, मध्येच रीळ तुटायचं, पण माणसं गोधड्या पांघरून शेवटपर्यंत बसायची.

आता तो तंबू नाही, आणि आपली मुलं सगळं काही तळहाताएवढ्या काचेवर बघतात, एकेकटी. याचं मला फार वाईट वाटतं. समुद्र, हिमालय, वाघ हे मान वर करून, शेजारच्याच्या श्वासासकट बघायचं असतं. आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला 2024 साली बंजारा विरासत संग्रहालय झालं. तसंच एखाद्या बागेत मोठ्या पडद्याचं विज्ञानपटांचं थिएटर का होऊ नये? शाळांच्या सहली रिसोड-मानोऱ्याहून तासा-दीड तासात येतील. खर्च अवाढव्य आहे, हे मलाही कळतं. पण मागायलाच नको असं कोणी ठरवलं? मी अर्ज लिहितो आहे. तुमच्या शाळेच्या बाईंची सही मिळाली तर बळ येईल, विचारून बघ.

तोवर दिवाळीच्या सुट्टीत पोरांना माझ्याकडे पाठव. मी त्यांना हैदराबादला नेऊन तो पडदा दाखवतो; तिथल्या काचीगुड्याची गाडी वाशीमला थांबते. सिनेमाची तिकिटं आधी काढावी लागतील, कारण मागच्या रांगा लवकर भरतात आणि पुढे बसलं की मान अवघडते. आई पुन्हा यायला तयार आहे. भाऊजींना विचारून लगेच कळव.

तुझा धाकटा भाऊ