तासाला आठ किलोमीटर

युरोप ट्रिप म्हटलं की आयफेल टॉवर आणि स्वित्झर्लंडचा बर्फ, बरोबर ना? माझंही तसंच होतं. मग दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला उतरले, स्टेशनबाहेर आले, तर समोरच कालवा! कनाल द्यु मिदी. इथून थेट भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत २४० किलोमीटर. भाड्याच्या होडीला लायसन्स लागत नाही आणि वेगमर्यादा तासाला फक्त ८ किलोमीटर. काठावरचे सायकलवाले आपल्याला आरामात मागे टाकतात. डेडलाइनची सवय असलेल्यांना पहिला दिवस जडच जातो!

पण हा कालवा ज्याच्या डोक्यातून निघाला, तो माणूस आणखी भारी. पिएर-पॉल रिके. हा इंजिनीअर नव्हताच. मिठावरचा कर वसूल करणारा अधिकारी, वय साठीच्या आसपास. स्पेनला वळसा न घालता अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडायचे, ही कल्पना जुनीच होती. अडत होतं एकाच ठिकाणी. वाटेत नोरूझचा १८९ मीटर उंचीचा चढ. तिथे पाणी चढवणार कसं?

रिकेचं उत्तर साधं होतं. चढवायचंच नाही, आणखी वरून आणायचं! जवळच्या डोंगरातले ओढे पाटांनी नोरूझपर्यंत वळवले आणि पावसाळी पाणी साठवायला साँ-फेरेओलचं धरण बांधलं. नोरूझला ते पाणी दोन्हीकडे वाटलं जातं. १६६६ मध्ये चौदाव्या लुईने परवानगी दिली. कामावर बारा हजारांच्या घरात माणसं, त्यात बायकाही. पावसाने काम बंद पडलं तरी पगार चालू. आजच्या एचआरवाल्यांनी नोंद घ्यावी!

होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक, म्हणजे पाण्याची लिफ्ट. सुरुवातीला सरळ भिंत कोसळली, तेव्हा रिकेने लॉकला लंबगोल आकार दिला. कमानीसारखी बाकदार भिंत मातीचा दाब पेलते. बेझिए गावाजवळ फोंसेरानला अशी आठ लॉक एकाखाली एक आहेत. २१ मीटरहून जास्त उतार! दारं उघडली, पाणी घुमलं आणि आमची होडी हळूहळू खाली गेली. मोटर नाही, पंप नाही.

हे सगळं उभं करताना रिकेने स्वतःचा पैसाही ओतला. ऑक्टोबर १६८० मध्ये तो गेला. कालवा सुरू झाला मे १६८१ मध्ये. जेमतेम सात महिन्यांनी. मागे राहिलं ते कर्ज.

१९९६ पासून हा जागतिक वारसा आहे. पण काठावरची सावली आता विरळ होतेय. एकोणिसाव्या शतकात लावलेली प्लेनची झाडं, आपल्या काश्मीरच्या चिनारची भावंडं, चाळीसेक हजार होती. २००६ मध्ये त्यांना बुरशी लागल्याचं लक्षात आलं. उपाय नाही, म्हणून हजारो झाडं तोडावी लागली. कुठे कुठे अर्धा किलोमीटर नुसतं ऊन.

अशाच एका उघड्या पट्ट्यात आमची होडी थांबली होती. काठावर काठ्यांना बांधलेली नवी रोपं, माझ्या खांद्याइतकीही नाहीत. त्यांची दाट सावली पडायला कित्येक दशकं जातील. लावणारे तोवर असतील की नाही, कोण जाणे. तरी लावताहेत. रिकेच्या कालव्यावर दुसरं काय होणार?

होड्यांचा सीझन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. टोपी मात्र विसरू नका.