उपचाराला जाण्याआधी नवरा-बायकोने बोलावे

लग्नाला दोन वर्षे झाली की वस्तीतल्या बायका सुनेच्या पोटाकडे बघू लागतात. तीन वर्षे झाली की तोंडावर विचारतात. पाच वर्षे झाली की विचारणे थांबते आणि नामकरणाला बोलावणेही थांबते. हे सगळे मी भोगले आहे. पण आज रडगाणे गाण्यासाठी लिहीत नाही. उपचार सुरू करण्याआधी आम्ही दोघांनी जे बोलून घेतले, ते आपल्या इतर भगिनींच्या आणि बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिते आहे.

आमचे लग्न २०११ साली झाले. हे कल्याणजवळच्या एका कारखान्यात ठेक्यावर फिटर, मी घरी शिवणकाम करते. नवस-अंगारे आमच्या घरात नाहीत, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी १९५६ सालीच सोडले. तरीही सासूबाईंच्या एका मैत्रिणीने कुठल्याशा बाबाचा पत्ता आणून दिला होता. सासूबाईंनी तो चुलीत घातला आणि म्हणाल्या, "पोरी, डॉक्टरकडे जा. पण दोघं जा."

"दोघं" हा शब्द महत्त्वाचा. वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. बाईचे वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी. मूल न होण्यात जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईच्या कारणासोबत असते. पुरुषाची पहिली तपासणी साधी असते. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्य तपासायला द्यायचे, एवढेच. बाईला मात्र रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्याची तपासणी, असे बरेच सोसावे लागते. आपल्याकडे क्षयरोगानेही नलिका बंद होतात. म्हणून घरात कोणाला टी.बी. होऊन गेला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

२०१७ साली आमच्या तपासण्या झाल्या. माझे सर्व ठीक निघाले. ह्यांचे शुक्रजंतू फार कमी निघाले. हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "अहो, ताप आला तर माणूस लाजतो का? मग यात कसली लाज?" त्यानंतर आम्ही बोलायला बसलो.

डॉक्टरीणबाईंनी समजावले होते की, जंतू कमी असले तरी एकच जंतू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडता येतो. ही पद्धत १९९२पासून आहे. त्यासाठी बाईला दहा-बारा दिवस इंजेक्शने, मग सुईने बीज काढणे, प्रयोगशाळेत गर्भ तयार करणे, तो गर्भाशयात सोडणे आणि पुढे दोन आठवडे वाट पाहणे. बाईंनी हेही स्पष्ट सांगितले की, वय कमी असले तरी पहिल्या खेपेला यश येईलच असे नाही, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर आशा फारच थोडी राहते. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ही बातमी आमच्या घरात सर्वांना पाठ होती. म्हणून सर्वांना वाटे, गेले की मूल मिळाले.

आमचा पहिला प्रश्न पैशाचा. ह्यांचा फंड आणि माझी भिशी मिळून १ लाख ८० हजार रुपये होते. ठरले की तेवढेच खर्चायचे. खोली गहाण टाकायची नाही, सावकाराकडे जायचे नाही. ह्यांचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून इंजेक्शनांना मी शेजारच्या आक्कांना घेऊन जायचे.

दुसरा प्रश्न अवघड होता. यश आले नाही तर दात्याचे वीर्य घ्यायचे का? मला मूल माझ्या पोटात वाढवायचे होते. मी तयार होते. हे म्हणाले, "दुसऱ्याचं बीज मला नको. दत्तक आण, मी त्याचा बाप होईन. पण हे नको." मला राग आला. आठवडाभर आम्ही नीट बोललो नाही. मग माझ्या लक्षात आले की शरीर माझे असले तरी बाप त्यांना व्हायचे आहे. मनात गाठ ठेवून घेतलेला होकार पुढे मुलाच्याच डोक्यावर बसेल. मी माझी इच्छा सोडली. ती सोपी नव्हती, हे मी त्यांना सांगितले. बदल्यात मी एकच मागितले, दोष कोणाकडे आहे हे घरात त्यांनी स्वतः सांगायचे. त्यांनी आईला आणि बहिणींना बसवून सांगितले. त्या दिवसापासून मला कोणी टोमणा मारला नाही.

दात्याबाबत आता २०२१चा कायदा आहे. दाता नोंदणीकृत बँकेतूनच मिळतो, त्याचे नाव गुप्त राहते, मुलावर त्याचा हक्क नसतो, आणि दोघांची लेखी संमती लागते. ज्या जोडप्याला ते पटते त्यांनी खुशाल करावे. मुलगाच हवा अशी निवड मात्र कोणालाच करता येत नाही. तो गुन्हा आहे, आणि तशी इच्छा धरून उपचाराला जाऊही नये.

तिसरा प्रश्न, थांबायचे कधी? पैसे संपले की. २०१९ साली एक प्रयत्न केला. दोन आठवड्यांनी रक्त तपासले, गर्भ राहिला नव्हता. मी खूप रडले. रुग्णालयातून लगेच पुढच्या खेपेची तारीख मिळत होती. आम्ही ती घेतली नाही. आधी ठरलेले नसते तर आम्ही ती घेतली असती आणि आज कर्ज फेडत बसलो असतो.

२०२२ साली आम्ही दत्तकासाठी रीतसर नाव नोंदवले. मुलगा-मुलगी अशी अट घातली नाही. रांग लांब आहे, अजून वाट पाहतो आहोत. माझ्या शिलाई मशीनशेजारी एक छोटा पाळणा घडी करून ठेवला आहे.

तरुण जोडप्यांना सांगणे एवढेच की, दवाखान्याची पायरी चढण्याआधी दोघांनी एक संध्याकाळ काढा. पैसे किती, प्रयत्न किती, दाता की दत्तक, घरात कोणाला सांगायचे, हे कागदावर लिहा. डॉक्टरांना आपल्या वयाला यशाची शक्यता किती, हे सरळ विचारा. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही वाटले तर तेही तेव्हाच बोला. मूल होईल किंवा होणार नाही. पण नवरा-बायकोने एकमेकांना गमावता कामा नये.