कौले, चुना आणि कलम

श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांतून फिरताना कुलूपबंद घरे बरीच दिसतात. कोणाचा मुलगा मुंबईला, कोणाचा आखातात. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, वर मंगलोरी कौले, मागे सुपारीची वाडी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने अशा कितीतरी घरांची कौले उडवली, सुपारीच्या बागा आडव्या केल्या. आमचे वडिलोपार्जित घर त्यांतलेच. भाऊबंदांचे म्हणणे एकच होते : पाडा आणि स्लॅब टाका. आम्ही दोघा नवरा-बायकोने ते राखायचे ठरवले.

अडचण पैशांची होतीच, पण त्याहून मोठी वेळेची होती. आमच्यातला एक खुशनवीस, कुरआनच्या आयती लिहितो. दुसरी त्यासाठी कागद तयार करते. घरखर्च त्यावरच चालतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने कागद ओल धरतो, शाई पसरते. लिहायला उरतात कोरडे आठ महिने आणि छप्पर उघडायला, भिंती दुरुस्त करायलाही तेच आठ महिने.

वाट चुन्यामुळे सापडली. जांभा सच्छिद्र असतो. पावसात ओल पितो, उन्हात सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की ती ओल भिंतीतच कोंडते. म्हणून आम्ही चुना घेतला. पण चुन्याला घाई चालत नाही. कळीचा चुना विरवून पाण्यात मुरू द्यावा लागतो. एक थर बसल्याशिवाय दुसरा देता येत नाही. ही थांबण्याची वेळ आम्ही लिहिण्याला दिली. शिवाय फज्रनंतर गवंडी येईपर्यंतचे तास रोज कलमाचे.

दोन्ही कामे शेजारी ठेवल्यावर त्यांचे नातेही कळले. कागदाला खळ आणि तुरटीत फेटलेला अंड्याचा पांढरा बलक लावून तो अकीकाच्या दगडाने घोटतात. चुन्याचा शेवटचा हातही गुळगुळीत दगडानेच घोटतात. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुकला याने अक्षरांना नुक्त्याचे माप दिले. कलमाच्या टोकाने काढलेल्या ठिपक्यांवर अलिफची उंची ठरते. आमचा सुतारही रिपांमधले अंतर कौल ठेवूनच ठरवायचा.

तरी प्रत्येक वेळी दोन्ही जमले असे नाही. मे महिन्यात छप्पर उघडे होते आणि मृगाच्या आत कौले चढवणे भाग होते. हातात एका मशिदीच्या फलकाचे काम होते. जमातीकडून तीन आठवडे मागून घेतले आणि कलम बाजूला ठेवले. हात आखडला. मग पावसाळाभर साध्या कागदावर मश्क केली, बरू तासले, काजळ-डिंकाची शाई घोटली. हिवाळ्यात फलक पुरा झाला; त्यासाठी माजघराची एक भिंत गिलाव्याविना सोडली. ती अजून तशीच आहे.

गावाकडे असे घर असेल, तर सगळे एकदम हाती घेऊ नका. आधी छप्पर सांभाळा, कारण पाणी आत आले की भिंतही जाते. मग आपल्या कामाची एकच खोली पुरी करा. आम्ही उत्तरेची केली. तिथला उजेड दिवसभर सारखा असतो. त्याच खोलीतल्या कमाईवर, इन्शाअल्लाह, पुढच्या कोरड्या हंगामात माजघराची भिंत होईल.