दोन इंच

फ्रोझन शोल्डर बरा झाला, पण डावा हात काही पूर्वीसारखा उघडेना. धनुष्य धरायचा हात तोच. आधी मी दोरी 28 इंच खेचायचो, आता 26 वरच ती हनुवटीपाशी येते. फिजिओ म्हणाली, याहून फार सुधारणा धरू नका. पन्नाशी उलटल्यावर दोन इंच गेले तर काय बिघडलं, असं आमच्या घरचं मत. बाणांना ते कोण सांगणार?

सगळे बाण डावीकडे जाऊ लागले. कधी कधी धनुष्याच्या अंगाला ठक्क आवाज व्हायचा. लाँगबोवर लिहिलेलं वजन 28 इंचांच्या ताणाचं असतं. माझ्यावर 45 पाउंड लिहिलंय. इंचामागे साधारण दोन-अडीच पाउंड उतरतात, म्हणजे हाती उरले चाळीसेक. बाण मात्र पंचेचाळिसाच्या बेताने निवडलेले. दोरी सुटताना बाण सरळ जात नाही, मासोळीसारखा लवत धनुष्याला वळसा घालतो. हिकमन यांनी 1930 च्या दशकात वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं होतं. जोर कमी पडला की बाण पुरेसा लवत नाही, ताठ राहतो आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा नेम डावीकडे सरकतो. (अर्जुनाला पोपटाचा डोळा तेवढा दिसत होता, त्याचे बाण कोण जुळवून देत होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.)

क्लबातल्या मित्रांनी हलक्या स्पाइनचा नवा डझन घ्यायला सांगितलं. रास्त सल्ला. पण हे बारा बाण मुलगा कॉलेजला जाण्याआधीच्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी गॅरेजमध्ये केलेले. इथल्या ऑरेगनच्याच पोर्ट ऑरफर्ड सीडरचे. घासताना त्या लाकडाला आल्यासारखा वास येतो. पिसं त्याने चिकटवली, दोन-चार तिरकी.

आता बाण पुढे दोन इंच जास्त डोकावतात. ते कापायचा मोह मी टाळला, कारण आखूड बाण आणखी ताठ होतो. उलट टोक जड केलं. मेणबत्तीवर जुनं 125 ग्रेनचं टोक हलकेच तापवलं की डिंक सुटतो. जागी 160 ग्रेनचं बसवलं. फरक जेमतेम सव्वादोन ग्रॅमचा, पण पुढचा भार हलायला वेळ घेतो आणि मधला दांडा जास्त लवतो. मग धनुष्याच्या बाजूचं जाड चामडं काढून पातळ लावलं. प्रत्येक बदलानंतर 20 यार्डांवरून पिसं असलेले तीन आणि बिनपिसाचा एक बाण मारायचा. पिसं चुका झाकतात, बिनपिसाचा चुगली करतो. पहिल्या दिवशी तो वीतभर डावीकडे होता. तिसऱ्या आठवड्यात बाकीच्यांना खेटून बसला.

दहा बाण वठणीवर आले. दोन जात्याच ताठ, ते काही ऐकेनात. मुलाचे हात माझ्याहून लांब, तो 29 खेचतो. थँक्सगिव्हिंगला येईल तेव्हा ते दोन त्याला.