बढतीनंतरचा पगार

वाळूजमध्ये १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. तेव्हापासून इथे वेतनवाढीच्या कराराचे वारे वाहू लागले की कॅन्टीनपासून कामगार चौकातल्या टपरीपर्यंत एकच प्रश्न: किती वाढले? हे भांडण निदान चारचौघांत, कागदावर होतं. त्याच छपराखाली दुसरं एक भांडण धुमसत असतं. त्याला ना युनियन, ना मागणीपत्र. ते असतं लाइनवरून उचलून सुपरवायझर केलेल्या माणसाचं.

बढतीचे पेढे वाटून होतात आणि महिनाअखेरीस पगाराची स्लिप हातात पडते. जादा तासांना दुप्पट दर १९४८च्या कारखाना अधिनियमानं दिला. पण देखरेखीच्या पदांना त्यातून वगळण्याची वाटही त्यातच ठेवली. ओव्हरटाइम गेला, करारातली वाढ गेली. हाताखालचा जुना ऑपरेटर आता त्याच्यापेक्षा जास्त घरी नेतो.

असाच एक जण माझ्यासमोर येऊन बसला. आवाज चढवला नाही. खिशातली डायरी काढून एका शिफ्टचं काम वाचून दाखवलं. सकाळी हजेरी. दोन हेल्पर कमी, म्हणून ठेकेदाराला फोन. रिजेक्शनची नोंद. डाय बदलताना सेटरजवळ उभं राहणं. जेवणानंतर ऑपरेटर आला नाही, म्हणून सुटेपर्यंत स्वतः प्रेसवर. ‘‘साहेब, यातला मी नेमका कोण?’’

अशा वेळी माझ्यासारख्या मॅनेजरच्या तोंडी तयार वाक्य असतं: सध्या सांभाळून घ्या, अप्रेझलला बघू. त्यानं भांडण मिटत नाही, उधारीवर जातं.

कायद्याच्या लेखी कामगार कोण, हे ठरवताना न्यायालयं पदनामावर जात नाहीत. माणूस मुख्यत्वे करतो काय, ते पाहतात. देखरेख करणाऱ्यांसाठी पगाराची मर्यादा मात्र आहे. औद्योगिक विवाद कायद्यात ती २०१० साली १,६०० रुपयांवरून १०,००० झाली. त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. त्यावर पगार असलेला सुपरवायझर या कायद्याच्या छत्राबाहेर. मग त्यानं दाद मागायची कुणाकडे? फिरून मॅनेजरकडेच. म्हणून न्यायालय लावतं तीच कसोटी मॅनेजरनं आधी लावायला हवी.

पगार वाढवणं माझ्या हातात नसतं. त्याला एचआर आहे, बजेट आहे. काम कमी करणं मात्र असतं. डायरीतल्या त्या पानावर आम्ही दोघांनी खुणा केल्या. हजेरी, रिजेक्शन, डाय बदलणं त्याच्याकडे राहिलं. ठेकेदाराचा फोन माझ्याकडे आला. प्रेस त्याच्या कामातून गेली. पगाराच्या प्रस्तावाला तेच पान जोडून वर पाठवलं.

मंजुरी येईल तेव्हा येईल. तोवर ऑपरेटर नसेल त्या दिवशी प्रेस बंद राहील आणि उत्पादन का घटलं, याचं उत्तर मी देईन. माणूस कमी आहे हे कुणाच्या तरी पाठीवर लपवण्यापेक्षा उत्पादनाच्या आकड्यात दिसलेलं बरं.