वन्संच्या फ्रेंच फुलदाण्या

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्हा वाशिंदकरांची धाव फार तर माहेरापर्यंत. यंदा मात्र हैदराबादच्या वन्संचा फोनवर फोन. शेवटी कल्याणला रात्रीची गाडी पकडली आणि निघालो.

काचीगुड्याचं वन्संचं घर म्हणजे अगदी आरसा! बैठकीत दोन निळ्याशार फुलदाण्या होत्या. काठाला, कानांना आणि पायाशी सोनेरी धातूची वेलबुट्टी. वन्सं हळूच म्हणाल्या, "अगं, अस्सल फ्रेंच आहेत. जुन्या. ह्यांना किंमत निम्मीच सांगितलीय हं!" चार वर्षं घरखर्चातून बाजूला टाकलेले पैसे होते ते.

दुसऱ्या दिवशी मूसी नदीकाठचं सालारजंग म्युझियम पाहिलं. निजामाच्या दिवाणांच्या घराण्यातले तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, यांनी हौसेनं जमवलेल्या वस्तू इथे आहेत. १९५१ साली त्यांच्याच देवडीत म्युझियम सुरू झालं आणि १९६८ साली आताच्या इमारतीत आलं. (शुक्रवारी बंद असतं, लक्षात ठेवा!) सगळी गर्दी तास वाजवणाऱ्या घड्याळापुढे आणि संगमरवरी रिबेकापुढे. आम्ही दोघी मात्र फ्रान्सच्या सेव्र कारखान्याच्या पोर्सिलेनपुढे थबकलो.

रात्री भाच्यानं पुस्तकं काढून दिली. त्यातून कळलं ते असं. हा कारखाना १७५६ साली पॅरिसजवळच्या सेव्र गावी आला आणि १७५९ साली पंधराव्या लुई राजानं तो पुरता आपल्या मालकीचा केला. आजही तो चालू आहे. फुलदाण्यांना ब्राँझचे काठ आणि पाय बसवण्याची तिकडे फार आवड. शोभा तर होतीच, पण टवका उडण्याची जागाही झाकली जाई.

आणि तो सोनेरी रंग? सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो ब्राँझवर फासायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं मागे राहतं. आपल्या कल्हईवाल्याची आठवण झाली ना? पण ही वाफ विषारी. कारागिरांच्या नाकातोंडात ती जाई, हात कापू लागत, कितीतरी जण अकाली गेले. राजवाड्यातल्या झगमगाटामागे हे असं होतं!

वाचता वाचता वन्सं गप्प झाल्या. मग उठून एक फुलदाणी घेऊन आल्या. तळाशी एकमेकांत गुंफलेली दोन 'एल' अक्षरं होती, तीच सेव्रची खूण. पण पुस्तक म्हणत होतं की एकोणिसाव्या शतकात या खुणेच्या नकला ढिगांनी झाल्या. नुसत्या खुणेवर विसंबायचं नाही. धातूची नक्षी हातानं कोरल्यासारखी रेखीव हवी. इथे पानांच्या शिरासुद्धा बुजलेल्या, आणि काठावर तर खाली पिवळं पितळ उघडं पडलेलं.

"दिवाळीत चिंच लावून घासल्या होत्या मी," वन्सं पुटपुटल्या.

मैत्रिणींनो, खरा मुलामा असो वा खोटा, चिंच, लिंबू, पावडर काही लावू नका. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ टिपायची, बस्स. आणि जुनं म्हणून कुणी महागाचं काही पुढे केलं, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

मला वाटलं, वन्सं आता रडणार. पण त्या फुलदाणी पुशीत म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. निदान हिच्यापायी कुणाचे हात कापले नसतील."

वाशिंदला परतल्यावर आठ दिवसांनी फोन आला. "ह्यांना खरी किंमत सांगून टाकली गं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून शेवंती घेऊन आले, म्हणाले, एवढी महाग फुलदाणी रिकामी कशाला ठेवायची?"

तेव्हापासून वन्संच्या फुलदाण्यांत रोज ताजी फुलं असतात.