घरासाठी की गॅरेजसाठी?

पान्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग. एक ठरीव मापाचा. त्याचे तोंड जेवढे, तेवढ्याच नटाला तो बसावयाचा. दुसरा जबडा पुढेमागे होणारा; फिरकी फिरविली की त्याचे तोंड लहान वा मोठे होते. कारागीर लोक पहिल्या वर्गातले वीस-पंचवीस पाने पेटीत बाळगतात. आपल्यासारख्या नोकरदारांच्या बिऱ्हाडात मात्र बहुधा दुसऱ्या वर्गातला एकच पाना असतो, आणि नळाचा सांधा, सायकलचे चाक, खाटेचा डुगडुगणारा पाय या साऱ्यांनी त्याच्या एकट्याच्या भरवशावर दिवस काढावयाचे असतात.

असा पाना घेण्यासाठी गेल्या पावसाळ्यात मी म्हैसूरच्या देवराज मार्केटजवळील एका लोखंडी सामानाच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने मान वर न करताच विचारले, “मनेगा, गॅरेजिगा?” घरासाठी की गॅरेजसाठी? मी घरासाठी म्हणताच त्याने आरशासारखा चकचकीत पाना पुढे ठेवला. गॅरेजचा कोणता, असे विचारले तेव्हा आतल्या खणातून करड्या रंगाचा, दिसावयास अगदीच साधा असा दुसरा पाना निघाला. किंमत पहिल्याच्या तिप्पट. “घरच्या कामाला एवढा कशाला, अम्मा?” तो म्हणाला. त्यात लबाडी मुळीच नव्हती. गिऱ्हाइकाचे पैसे वाचावेत असेच त्या भल्या माणसाला वाटत होते. तरीही त्याचा हिशेब मला उलटा वाटला, आणि अजून वाटतो. गॅरेजमध्ये एक पाना नटाला नीट बसेना तर हात घालावयास दुसरे एकोणीस असतात. घरात तोच पहिला आणि तोच शेवटचा.

नटाला सहा बाजू असतात. पाना त्यांतल्या समोरासमोरच्या दोन बाजू धरतो. जबडा घट्ट बसला असेल तर जोर त्या सपाट बाजूंवर पडतो. तो किंचितही हलत असेल तर जोर दिल्याबरोबर पाना तिरका होतो आणि सारा भार दोन कोपऱ्यांवर येतो. कोपरे झिजतात, नट गोल होत जातो, आणि पुरता गोल झाला की कोणताच पाना त्याला धरू शकत नाही. तो छिन्नीने तोडून काढावा लागतो. ठरीव मापाच्या पान्यात हलणारे असे काही नाही. त्यामुळे तो थोडा हलक्या प्रतीचा असला तरी एक वेळ निभावते. जबडा हलणाऱ्या पान्यात मात्र स्वस्ताई नेमकी त्या सांध्यात जाऊन बसते. फिरकीचे आटे आणि जबड्याचे दाते एकमेकांत सैल राहतात, खाच ओबडधोबड असते. धातूही पुष्कळदा साधा ओतीव. जोर पडला की जबडा फाकतो, नाहीतर तडकतो. चांगला पाना क्रोम-व्हॅनेडियमसारख्या मिश्र पोलादाचा, तापवून साच्यात ठोकून घडविलेला आणि नंतर पाणी देऊन कठीण केलेला असतो. ओतीव आणि घडीव यांतला भेद आम्हां बायकांना निराळा शिकवावा लागत नाही: बिडाचा तवा हातून पडला की दुभंगतो, लोखंडी तवा फार तर वाकतो.

या गोष्टीत मला लक्ष घालावे लागले ते माझ्या सासऱ्यांमुळे. बाबा अशोकपुरमच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. आता त्यांचे वय बहात्तर. त्यांच्यापाशी एक जुनी येझ्दी मोटारसायकल आहे. म्हैसूरच्याच यादवगिरी भागात आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या जातीच्या गाड्या तयार होत. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. किक मारावयाचा आणि गिअर बदलावयाचा दांडा एकच, ही या गाड्यांची खूण जुन्या म्हैसूरकरांना सांगावी लागत नाही. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझ्दी ही नावे नव्या गाड्यांवर परत आली. पण बाबांच्या मते नाव परत आले, गाडी नव्हे. दर दोन-तीन महिन्यांनी मागच्या चाकाच्या आसाचा नट ढिला करून ते साखळी ताणतात. त्या मापाचा त्यांचा स्वतःचा पाना घर बदलताना कुठेसा हरवला, म्हणून त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांचा जबड्याचा पाना मागून आणला होता. तो निसटला. एकदा नव्हे, तीनदा. बोटांची सालपटे निघाली. बाबा अंगणातच खाली बसले, फडक्याने हात पुसला आणि म्हणाले, “सूनबाई, आता या हातात काही राहिले नाही. गाडी देऊन टाकू कोणाला तरी.”

त्यांच्या उजव्या हाताला आताशा थोडा कंप आहे, हे खरे. परंतु मी तो पाना उचलून जबडा बोटांनी हलवून पाहिला, तर तो पडावयास आलेल्या दातासारखा हलत होता. एरवी बाबांनी तो दोष पहिल्या नजरेत ओळखला असता. पण हाताविषयी मनात एकदा शंका शिरली की माणूस दुसरीकडे पाहतच नाही. उभा जन्म नट-बोल्टांत घालविलेल्या माणसाने पान्याचा दोष स्वतःच्या हाताला लावून घ्यावा, हे मला सोसवेना. दुसऱ्याच दिवशी मी मार्केट गाठले.

दुकानात मी केलेली परीक्षा अगदी सोपी होती. कोणालाही करता येईल. जबडा अर्धा उघडून तो वरखाली, आजूबाजूला हलवावा. करड्या पान्याचा जबडा जाणवेल न जाणवेल इतकाच हलला, चकचकीत पान्याचा खडखडला. मग दोन्ही जबडे जवळजवळ मिटवून पाना उजेडासमोर धरावा: फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. चकचकीत पान्याची फट टोकाशी रुंद होती. फिरकी एका अंगठ्याने फिरावी, अडखळू नये, आणि हात काढल्यावर आपली आपण सरकू नये. शिवाय दांड्यावर भारतीय मानकाचा ६१४९ हा आकडा कोरला आहे का, तेही पाहावे. अशा पान्यांसाठीचे मानक ते हेच. लांबी मी दहा इंची निवडली. तिचा जबडा सुमारे ३० मिलिमीटर उघडतो, आणि आसाच्या नटाला तेवढा लागतो.

आज सर्वत्र दिसणाऱ्या या पान्याचे पेटंट १८९२ मध्ये योहान पेटर योहान्सन या स्वीडिश कारागिराने घेतले. इंग्लंडात त्याआधीही जबडा हलणारे पाने होते. आजची सुटसुटीत घडण मात्र त्याची. त्या काळी नट-बोल्टांची मापे आजच्यासारखी एकसारखी नसत, आणि दुरुस्तीला निघणाऱ्याला पान्यांचे ओझे वाहावे लागे. अनुवादाच्या धंद्यात असल्यामुळे मला त्याच्या नावांची मौज वाटते. फ्रेंच आणि स्पॅनिश लोक या जातीच्या पान्याला ‘इंग्लिश किल्ली’ म्हणतात, डेन्मार्कमध्ये ती ‘स्वीडिश किल्ली’ होते, आणि जर्मनांनी तर एका प्रकारच्या पान्याला नुसते ‘इंग्रज’ आणि दुसऱ्याला ‘फ्रेंच’ म्हणून टाकले. मराठीने कोणाचाच देश त्यात गोवला नाही. नाशिकला कारखाना असलेल्या टपारिया टूल्सने १९६९ साली हातहत्यारे बनविण्यास आरंभ केला तोही एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. म्हणजे योहान्सनची विद्या गोदावरीच्या काठी येऊन पोचावयास पाऊणशे वर्षे लागली.

नवा पाना हातात घेतल्यावर बाबांनी तो बराच वेळ नुसता उघडला, मिटला. मग माझ्या मुलाला बोलावून धडा सुरू केला. हलता जबडा ज्या अंगाला असेल त्या अंगाकडे पाना फिरवावा, म्हणजे मोठा भार अखंड जबड्यावर पडतो. नट कधीही ढकलू नये, आपल्याकडे ओढावा. निसटलाच तर बोटे गाडीवर आपटत नाहीत. दांड्यावर नळी चढवून जोर वाढवू नये. आणि याचा हातोडा करणाऱ्याला जेवण नाही! आसाचा नट त्या दिवशी पहिल्याच ओढीत सुटला. साखळी ताणली गेली. गाडी देऊन टाकण्याचा विषय त्यानंतर कोणी काढलेला नाही.

परवा शेजाऱ्यांनी आमचाच पाना मागितला. बाबांनी दिला, पण त्याच्याबरोबर स्वतःही गेले, आणि तास-दीड तास परत आले नाहीत.